चवदार तळ्याचे बंड : कारणांचा विचार



२० मार्च १९२७ रोजी महाडला काय घडले हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. पण ते का घडले, असे विचारले तर आपण 'अन्याय फार झाला होता' एवढेच सांगतो. अन्याय तर शेकडो वर्षे होताच. मग बंड तेव्हाच का झाले?

आधी एक दूरचे उदाहरण घेऊ. कॅरिबियन समुद्रातील सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतीत ऊस व कॉफीच्या मळ्यांवर सुमारे पाच लाख गुलाम राबत होते. १७८९ मध्ये फ्रान्सने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. मळेवाल्यांनी तो गुलामांना लागू होऊ दिला नाही. ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांनी गुप्तपणे जमून बेत केला व बंड पुकारले. १८०४ मध्ये तेथे हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभे राहिले. दुःख जुनेच होते. हक्काची वार्ता, मालकांचा नकार आणि गुलामांची एकजूट या गोष्टी नव्या होत्या.

आता महाडची कारणे पाहू.

१) पाणीबंदी : तळे सार्वजनिक होते. तेथे गुरेढोरे पाणी पीत, अस्पृश्याला मात्र मनाई.

२) जाणीव : कोकणात पलटणीतून पेन्शन घेऊन आलेली, लिहिता-वाचता येणारी आपली माणसे होती. त्यांच्यातील गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिले. त्याआधी आपल्या पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून या स्थितीला तिचे खरे नाव दिले.

३) नाकारलेला हक्क : १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण तो दप्तरातच राहिला.

४) संघटना : १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. विखुरलेल्या दुःखाला व्यासपीठ मिळाले.

दोन्ही बंडांत एक मोठा फरक आहे. तिकडे मळे पेटले. महाडला आपल्या लोकांवर लाठ्या पडल्या, तरी बाबासाहेबांनी त्यांना हात उगारू दिला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्याच परिषदेत त्यांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला. पुढे तळ्याचा हक्क हायकोर्टात सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडले.

यातून आपण काय शिकायचे? केवळ दुःखाने माणूस उठत नाही, आणि केवळ ठरावाने पाणी मिळत नाही. कागदावर लिहिलेला हक्क वापरायला पाऊल उचलावे लागते, आणि ते एकट्याने नव्हे, मिळून उचलावे लागते.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न : आपल्या गावात असा कोणता हक्क अजून दप्तरात पडून आहे? तो बाहेर काढायला आपल्याबरोबर कोण येईल?

जय भीम!