एका कार्यप्रणालीचा प्रोग्राम दुसरीवर

शाळेच्या जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली घातली, की लवकरच एक अडचण पुढे येते. मुलांच्या ओळखीचा गणिताचा खेळ किंवा निकालपत्रकाचा जुना प्रोग्राम उघडत नाही. मग यंत्रच बिघडले असे समजून ते झाकून ठेवले जाते व मुलांचे शिक्षण तेवढ्यापुरते खुंटते. विंडोज १० ला मिळणारे सर्वसाधारण मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि पुष्कळशी जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. हा प्रसंग त्यामुळे आणखी शाळांवर येण्याचा संभव आहे.

यंत्र तेच, प्रोसेसरही तोच. मग प्रोग्राम का अडावा? फाईल उघडणे, पडद्यावर चौकट काढणे ही कामे प्रोग्राम स्वतः करीत नाही. तो ती कार्यप्रणालीकडून करवून घेतो. कामे सांगण्याची रीत मात्र प्रत्येक कार्यप्रणालीत निराळी असते. बदलून आलेले गुरुजी सवयीने म्हणतात, "मधल्या कपाटातील हजेरीपट आणा." नव्या शाळेत मधले कपाटच नाही! परंतु शिपाई जाणता असेल, तर तो पेटीतून हजेरीपट काढून निमूटपणे पुढे ठेवतो आणि गुरुजींचे काम अडत नाही.

लिनक्सवर अशा जाणत्या शिपायाचे काम 'वाईन' नावाचे मोफत सॉफ्टवेअर करते. (हे नाव शाळेच्या दप्तरात शोभण्यासारखे नाही, हे मान्य केले पाहिजे. 'वाईन म्हणजे नक्कलयंत्र नव्हे' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातील आद्याक्षरांवरून ते जुळविलेले आहे.) ते प्रोसेसरची नक्कल करीत नाही, विंडोजच्या रीतीने केलेली मागणी लिनक्सच्या रीतीत बदलून देते. प्रोग्रामला 'सी' ड्राइव्ह हवा असतो, म्हणून त्या नावाचा एक फोल्डरही ते तयार करून ठेवते. या कामास १९९३ मध्ये आरंभ झाला व १.० ही आवृत्ती २००८ मध्ये निघाली. विंडोजच्या हजारो मागण्यांना एकेक करून उत्तर लिहावयाचे, तेव्हा पंधरा वर्षे लागली यात नवल नाही.

दुसरा मार्ग म्हणजे व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनाने लिनक्सच्या आत संपूर्ण विंडोज चालविणे. त्यास विंडोजचा परवाना लागतो, स्मृतीही पुष्कळ लागते. दोन जीबीच्या यंत्रावर तो नाद करू नये.

वाईनवर सर्वच प्रोग्राम चालतात असे नाही. काही उत्तम चालतात, काहींची अक्षरे विसकटतात, काही उघडतच नाहीत. उलट, सोळा बिटांचे फार जुने प्रोग्राम, जे चौसष्ट बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत, ते येथे कधी कधी चालतात. छापयंत्राचा विंडोजसाठी केलेला ड्रायव्हर मात्र वाईनमध्ये घालून उपयोग नाही. लिनक्सचाच ड्रायव्हर हवा.

एक धोका ध्यानात ठेवावा. वाईनमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला वापरकर्त्याच्या सर्व फाईली सामान्यतः खुल्या असतात. विंडोजचा एखादा विषाणूही तेथे चालून त्या नष्ट करू शकतो. यास्तव कोणाच्याही पेनड्राइव्हवरून आलेला प्रोग्राम लावू नये. निकालपत्रकाचा प्रोग्राम प्रथम माहितीच्या प्रतीवर चालवावा, दोन-तीन विद्यार्थ्यांचे गुण भरून मराठी नावे नीट उमटतात की नाही ते पाहावे, एक पान छापावे, आणि मगच मूळ फाईलीस हात लावावा.