पलासियात पळस किती?

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या इंदूरचा नकाशा समोर घ्या आणि झाडांवरून नावे पडलेल्या जागा शोधा. पलासिया, इमली बाजार, खजुरी बाजार, बडवाली चौकी, पिपल्याहाना, पिपल्यापाला. म्हणजे पळस, चिंच, खजूर, वड आणि पिंपळ. नौलखा हे नावही तेथील बागेतल्या नऊ लाख झाडांवरून पडले, असे जुनी मंडळी सांगतात. नऊ लाख कोणी मोजली असतील असे आम्हाला वाटत नाही, पण दाट झाडी असल्याखेरीज असे नाव पडत नाही. आता सुटीच्या दिवशी आजोबांना घेऊन इमली बाजारात जा आणि चिंचेचे झाड शोधून दाखवा.

१९५१ च्या जनगणनेत इंदूरची वस्ती तीन लाखांच्या थोडी वर होती. २०११ मध्ये ती वीस लाखांच्या जवळ पोहोचली. माणसे आली की घरे, रस्ते, दवाखाने लागणारच. आम्हीही अशाच एका नव्या कॉलनीत राहतो, तेव्हा शहराच्या वाढीला नावे ठेवणे आम्हाला शोभणार नाही. प्रश्न एवढाच की वाढताना काय राखायचे.

हा प्रश्न इंदुरात नवा नाही. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या काळात पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार येथे आले. मुळात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्या वेळी प्लेगची भीती होती. गेडिस यांनी शहर पायी हिंडून पाहिले आणि दिवाळीत एक मोठी मिरवणूक काढली. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार? तर ज्या मोहल्ल्यांतील घरे सर्वांत स्वच्छ असतील, त्या रस्त्याने! मग काय, घरोघरी झाडलोट सुरू झाली. २०१७ ते २०२३ या काळात सलग सात वेळा देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या इंदूरची ही जुनी गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवी. १९१८ मध्ये त्यांचा अहवाल दोन खंडांत छापला गेला. त्यात नद्यांचे काठ सुधारून तेथे बगीचे करावेत, अशा सूचना होत्या. स्वच्छतेचा धडा आपण शंभर वर्षांनी का होईना गिरवला. कान्ह नदीच्या काठी उभे राहिले की बागेचा धडा किती बाकी आहे ते कळते.

काही चांगलेही घडले आहे. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर यांना २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. १४ जुलै २०२४ रोजी रेवती रेंजच्या टेकडीवर एका दिवसात अकरा लाखांहून जास्त रोपे लावून विश्वविक्रम झाला. ही रोपे जगावीत अशीच आमची इच्छा आहे. परंतु टेकडीवरचे रोप आणि शाळेच्या अंगणातला जुना निंब यांची अदलाबदल होऊ शकत नाही. रोपाला सावली धरायला पंधरा-वीस वर्षे लागतात, आणि ती सावली टेकडीवरच पडते. "एक तोडू, दहा लावू" हे ऐकले की आम्ही विचारतो, कुठे लावणार आणि पाणी कोण घालणार?

आता विषय आपल्या घरचा. शाळेच्या मागच्या मैदानात पेव्हर ब्लॉक बसवून वाहनांसाठी जागा करावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. पावसाळ्यात मुलांचे बूट चिखलाने भरतात ही पालकांची तक्रार खरी आहे. तरीही निर्णयाआधी आठवी-नववीच्या मुलांनी एक गणित सोडवावे, असे आम्हाला वाटते.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? बरोबर एक लिटर. इंदुरात वर्षाकाठी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मैदान ४० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद धरा. क्षेत्रफळ १००० चौरस मीटर, म्हणजे वर्षाला सुमारे साडेनऊ लाख लिटर पाणी! सगळे जमिनीत मुरत नाही. माळव्याची काळी माती भिजली की फुगते, मग पाणी वरून वाहते. काही वाफ होऊन जाते. पण मोकळ्या मातीत जेवढे मुरते, ते सिमेंटच्या थरावर जवळजवळ सगळे गटारीत जाते. आणि आपण नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, घाट चढवून आणतो. त्याला किती वीज लागत असेल, हेही विज्ञानाच्या तासाला विचारा.

मैदानातील दोन निंबांचे काय होईल? झाड तोडायचे नाही, फक्त बुंध्यापर्यंत फरशी न्यायची, असे सांगितले जाते. झाडाची मुळेही श्वास घेतात. माती दाबून वरून बंद केली की हवा आणि पाणी तुटते, झाड हळूहळू वाळते आणि एखाद्या वादळात पडते. मग दोष वादळाला. दिल्लीतील झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. झाड तोडायचे असेल तर मध्य प्रदेशात २००१ च्या कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. गुदमरणाऱ्या झाडासाठी मात्र कोणी अर्ज करत नाही.

आमची सूचना अशी: फाटकापासून वर्गांपर्यंत चार फुटांची खडीची वाट करावी, वाहने बाहेर राहावीत आणि बाकी मैदान मातीचेच ठेवावे. मुलांना कबड्डीला माती लागते, हे पालकांनाही पटेल.

राहिला पानांच्या कचऱ्याचा प्रश्न. तो जाळण्याची गरज नाही. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ नंतर इंदुरातच कंपोस्ट खताची जी पद्धत बसवली, ती जगभर "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली जाते. पाने, शेण, माती आणि थोडी राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, अधूनमधून वरखाली करायचे. तीन महिन्यांत खत तयार. आपल्या गावाच्या नावाची पद्धत आणि आपल्याच शाळेत तिचा खड्डा नाही, हे बरे दिसत नाही. सातवीच्या वर्गाने यंदा हे काम घ्यावे.

येत्या शनिवारी प्रत्येक विद्यार्थ्याने शिवणकामाची टेप आणि वही आणावी. जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर मोजायचा. झाडाचे नाव, घेर आणि बुंध्याभोवती किती माती मोकळी आहे, एवढे तीन रकाने. शाळेतील झाडे झाली की आपापल्या गल्लीतली. नाव कळले नाही तर आजीला विचारा, मराठीत आणि हिंदीत दोन्ही लिहा. हा तक्ता विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत प्रस्तावासोबत ठेवला जाईल.