डब्याचं साल विचारा

नाशिकरोडला माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणारे जुन्या धाटणीचे छोटे, मॉडेलचे रेल्वेडबे बहुतेक पावसाळ्याने मारलेले असतात. उन्हाळ्यात कुणी हौसेने घेतो आणि गणपती येईपर्यंत छत एका बाजूने उचललेलं असतं. मध्यंतरी एक तरुण ‘१९३० ची डेक्कन क्वीन, अस्सल सागवान’ घेऊन आला. “काका, सागवानच आहे, वास घेऊन बघा ना!” वास होता, पण पॉलिशचा. बोगी सोडवून तळ उलटा केला, तर स्क्रूच्या भोकाभोवती तपकिरी लगदा फुगून वर आलेला. आत सगळं एमडीएफ आणि वरून कागदाएवढा सागाचा पापुद्रा. विकणाऱ्याने पैसे मात्र भरीव सागाचे घेतले होते.

लाकूड खोटं निघालं याचं त्या पोराला वाईट वाटलं. मला वाटलं नाही, कारण तो डबा खऱ्या सागाचा असता तरी खोटाच होता. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा तिचे दोन रेक होते. एक रुपेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. खालच्या चौकटी इंग्लंडहून आल्या आणि वरचे डबे जीआयपी रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात बांधले गेले. म्हणजे बाहेरून होता तो रंग. मग ते चकचकीत पॉलिश केलेलं सागवान आलं कुठून? जुनं म्हणजे लाकडी आणि लाकडी म्हणजे पॉलिशचं, ही आपली सिनेमावरून झालेली समजूत. विक्रेते तीच आपल्याला परत विकतात.

म्हणून डबा मागवताना पहिला प्रश्न साहित्याचा विचारू नका, सालाचा विचारा. कोणत्या गाडीचा, कोणत्या सालचा? विकणारा “जुन्या काळातला” एवढंच म्हणाला तर पुढे बोलायचं कारण नाही. साल ठरलं की साहित्य, रंग, खिडक्या आपोआप ठरतात. पेरांबूरचा आयसीएफ कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला आणि तिथून पोलादी डबे यायला लागले. डेक्कन क्वीनचे मूळ डबे १९६६ मध्ये बदलले, तेही पोलादीच आले. नाशिककरांच्या जिव्हाळ्याची पंचवटी एक्सप्रेस तर १९७५ ची. तरीही ‘लाकडी पंचवटी’ मागणारे येतात. मी चहा पाजून परत पाठवतो.

दुसरं, पट्टी घेऊन बसा. आयसीएफ डब्याची लांबी २१.३ मीटर आणि रुंदी सव्वातीन मीटरला जरा कमी. १:८७ च्या प्रमाणात हे साधारण २४५ आणि ३७ मिलिमीटर होतं. बाजारात युरोपातल्या गाडीचा डबा लाल-तपकिरी रंगवून ‘भारतीय’ म्हणून देतात. तिकडचे डबे अरुंद असतात, त्यामुळे तो ३२ मिलिमीटरच्या आसपास भरतो. पाच मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण टेबलावर आपला डबा रुंद आणि ऐसपैस दिसतो, तो उपाशी. रुळांच्या बाबतीत मात्र मी सूट देतो. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, १:८७ ला ती सव्वाएकोणीस होते आणि बाजारात रूळ मिळतात साडेसोळाचे. शुद्धतेचा हट्ट धरला तर सगळे रूळ हाताने टाकावे लागतात. ज्याला सवड आहे त्याने खुशाल टाकावेत.

रुंदीनंतर बघायच्या त्या खिडक्या. आपल्या डब्याची ओळख खिडकीच्या आडव्या गजांत आहे. स्वस्त डब्यात ते काचेवर छापलेले असतात, त्याहून वाईट म्हणजे प्लास्टिकचे जाडजूड, की डबा तुरुंगाची गाडी वाटावा. ०.२ मिलिमीटरची पितळी तार वापरा. सराफ बाजारातला ओळखीचा कारागीर हवी तेवढी बारीक ओढून देतो. खिडकीची काच मात्र फेविक्विकने चिकटवू नका. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट धुकं सोडते आणि ते पुसून जात नाही. साधा फेविकॉल पुरतो.

आता सागाकडे परत येतो, कारण खरं सागवान मिळालं तरी ते छोट्या डब्याला बरेचदा शोभत नाही. डबा सत्त्याऐंशी पटींनी लहान करता येतो, झाडाच्या रेघा करता येत नाहीत. सागाचं एखादं छिद्र ०.३ मिलिमीटर धरा. त्या प्रमाणात ती २६ मिलिमीटरची खाच झाली, म्हणजे खऱ्या डब्याच्या फळीवर दोन बोटं मावतील एवढी! म्हणून लाकूडच हवं असेल तर हेदूसारखं बारीक पोताचं घ्या आणि सागाचा रंग वरून द्या. रंगवायचाच डबा असेल तर प्लास्टिकचा पत्रा किंवा पितळ उत्तम. पण प्लास्टिकवर गॅरेजमधला ड्युको थेट मारू नका. त्यातला थिनर पृष्ठभाग खातो आणि बारीक पट्ट्या वितळून जातात. आधी प्रायमर, मग पातळ हात.

जुनी खेळणी म्हणून विकले जाणारे पत्र्याचे डबे हा वेगळाच धंदा आहे. छापील पत्रा, कडेला चहाच्या डागासारखा गंज, दर पाच आकडी. तिथे दोन गोष्टी बघा. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असेल तर तो डबा १९२५ चा असूच शकत नाही, तो स्क्रू बाजारात आला तो १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर. आणि नोटा तपासायचा दिवा खोक्यावर मारा. कागद निळा-पांढरा झळकला तर त्यात झळाळी आणणारी रसायनं आहेत, आणि ती दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्रास वापरात आली. ओतीव जस्ताची चाकं असतील तर बारीक भेगा शोधा. जस्तात शिसं मिसळलं गेलं असेल तर ओतकाम आतून फुगतं आणि शेवटी हातात भुकटी येते. यावर औषध नाही.

डबा मागवण्याआधी एकदा पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून या. १९९८ पासून ते सुरू आहे. धावत्या गाड्या समोर असल्या की काय मागायचं ते कळतं. नंतर कारागिराकडून आख्खा डबा न मागवता आधी एका खिडकीचा नमुना मागा, रंगासकट, आणि पावतीवर साल, प्रमाण, साहित्य लिहून घ्या. ‘लाकडी’ एवढं लिहिलेलं चालवू नका. भरीव, प्लाय की एमडीएफ, तेही लिहायला लावा. थ्रीडी प्रिंटचा डबा असेल तर कोणत्या प्लास्टिकचा ते विचारा. पीएलए साठ अंशांच्या आसपास नरम पडतं. एप्रिलमध्ये नाशिकच्या द्वारका चौकात उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढी उष्णता सहज होते, तेव्हा असा डबा घरी नेताना मांडीवर घ्या.