लहान कॅमेरा व चांगलें चित्र

कांहीं घरांच्या कपाटांत एखादा कॅमकॉर्डर असतो. लग्न, बारसें, शाळेचें स्नेहसंमेलन अशा प्रसंगीं तो बाहेर निघतो. त्यानें घेतलेलें चित्र मात्र अनेकदां धूसर, दाणेदार व हलतें येतें. मग यंत्रच हलक्या प्रतीचें, असा निवाडा होऊन वडिलांकडे नव्या यंत्राची मागणी सुरू होते. हा निवाडा बहुधा चुकीचा असतो. चित्राचा कस यंत्राच्या किंमतीपेक्षां प्रकाश, स्थैर्य व चालविणाराचें लक्ष ह्यांवर अधिक अवलंबून असतो, हें दाखविण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. भिंगांतून आलेला प्रकाश ज्या पटलावर पडून त्याचें विजेच्या संकेतांत रूपांतर होतें, त्यास सेन्सर म्हणतात. पुष्कळ घरगुती कॅमकॉर्डरांत तो तांदळाच्या दाण्याहून लांब नसतो. उलट, चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील एक चित्र सुमारें २२ मिलिमीटर रुंद असतें. लहान भांड्यांत पावसाचें पाणी थोडें सांठावें, तसा लहान सेन्सरवर प्रकाश थोडा सांठतो. खोलींत अंधार असला कीं यंत्र तो अपुरा संकेत विजेच्या साह्यानें वाढवितें. ह्या वाढीस गेन म्हणतात. क्षीण आवाज ध्वनिवर्धकावर मोठा केला म्हणजे शब्दांबरोबर खरखरही मोठी होते; तीच गोष्ट येथें घडते. चित्रांत जे दाणे वळवळतांना दिसतात, ते ह्या खरखरीचेंच दृश्य रूप होय.

यास्तव पहिला नियम असा कीं, गेन वाढूं देण्यापूर्वीं प्रकाश वाढवावा. ज्याचें चित्र घ्यावयाचें, त्यास खिडकीकडे पाठ करून बसवूं नये. तसें केल्यास स्वयंचलित यंत्र खिडकीच्या उजेडास अनुसरून भिंगाचें छिद्र लहान करितें व चेहरा काळवंडतो. खिडकी त्याच्या एका बाजूस असूं द्यावी व दुसऱ्या बाजूस पांढरी चादर धरावी. म्हणजे अंधाऱ्या गालावर तिचा उजेड परततो. दिव्यावरच काम भागवावयाचें असेल तर तो जवळ आणावा. साध्या बल्बचें अंतर निम्में केलें असतां चेहऱ्यावरचा प्रकाश सुमारें चौपट होतो.

ह्या चादरीस कोणी हंसूं नये. सत्यजित राय ह्यांच्या 'पथेर पांचाली'चें चित्रण १९५२ सालीं सुरू झालें, तेव्हां छायालेखक सुब्रत मित्र ह्यांचें वय अवघें २१-२२ वर्षांचें होतें, आणि चलच्चित्राचा कॅमेरा त्यांनीं पूर्वीं कधीं चालविलेला नव्हता. पुढें 'अपराजितो' (१९५६) ह्या चित्रपटासाठीं काशींतील घराचें अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओंत उभारण्यांत आलें. खऱ्या अंगणांत आकाशांतून येणारा मृदु, सावलीरहित उजेड तेथें कोठून आणावा? मित्रांनीं अंगणावर पांढरें कापड ताणलें, खालून दिव्यांचा झोत त्यावर सोडला व परतलेल्या प्रकाशांत चित्रण केलें. ज्या युक्तीनें ते पुढें जगप्रसिद्ध झाले, तिचें मुख्य साहित्य एक कापड होतें!

आतां इतर गोष्टी थोडक्यांत सांगतों. दिवसाचा उजेड निळसर व साध्या बल्बचा पिवळसर असतो. दोन्ही एकत्र आणूं नयेत. पांढरा कागद दाखवून यंत्राचा व्हाइट बॅलन्स ठरविण्याची सोय असल्यास प्रत्येक जागीं तो नव्यानें ठरवावा. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यामुळें ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदास १०० वेळां कमीअधिक होतो. म्हणून सेकंदास २५ चित्रें घेणाऱ्या यंत्राचा शटर १/५० सेकंदावर ठेवावा. म्हणजे दिव्याची लुकलुक चित्रांत उतरत नाहीं व हालचालही स्वाभाविक दिसते.

कॅमेरा तिपाईवर ठेवावा. ती नसल्यास टेबल व पुस्तकांची चळत पुरे. डिजिटल झूम बंदच ठेवावा, कारण तो नवा तपशील दाखवीत नाहीं, असलेलें चित्र केवळ ताणतो. त्यापेक्षां आपणच दोन पावलें पुढें व्हावें. शेवटीं, भिंग मऊ, स्वच्छ कापडानें पुसावें. बोटाचा एक ठसाही उजेडाकडे तोंड असतां सारें चित्र धुकट करितो.

हें सर्व चित्र घेण्यापूर्वींच कां करावें, असें कोणी विचारील. संगणकावर मागाहून रंग सुधारतां येतात, उजेड थोडाफार वाढवितां येतो. परंतु जो तपशील सेन्सरवर उमटलाच नाहीं, तो कोणत्याही दुरुस्तीनें परत येत नाहीं. नाटकाचा प्रवेश पुन्हां करतां येईल. आजीनें सांगितलेली आपल्या बालपणाची हकीकत तशीच पुन्हां ऐकावयास मिळेल, असा भरंवसा कोणी द्यावा?

म्हणून सुटींत एक प्रयोग करा. घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास खिडकीजवळ बसवून पांच मिनिटांचें चित्र घ्या. एकदां चादरीवांचून व एकदां चादरीसह घ्या आणि दोन्ही शेजारीं शेजारीं पाहा. पालकांसही विनंति आहे कीं, नव्या यंत्राचें दुकान गांठण्यापूर्वीं हीं दोन चित्रें त्यांनीं मुलांबरोबर बसून पाहावीं. मग खर्च करावयाचा कीं पडदा बाजूस सारावयाचा, हें त्यांचें त्यांनाच ठरवितां येईल.