शाळेच्या संगणकाचे दप्तर मोठ्या डिस्कवर हलविणे

उद्देश : संगणकाची कार्यप्रणाली व फाइली अखंड ठेवून त्या मोठ्या डिस्कवर नेण्याची रीत शिक्षकांस समजावी.

विषयप्रवेश : जोतिबाच्या डोंगरावर मूळचे देवालय लहान होते. त्याच जागी इ. स. १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी आजचे मंदिर बांधविले. स्थान तेच, दैवत तेच. वास्तू मात्र मोठी झाली. संगणकाची डिस्क बदलतानाही हेच साधावयाचे असते.

निकालपत्रके, दाखल्यांचे मसुदे व छायाचित्रे यांनी जुनी डिस्क भरते. केवळ फाइली उचलून नव्या डिस्कवर ठेवल्यास संगणक त्या डिस्कवरून सुरू होत नाही; कारण प्रारंभासाठी लागणारी माहिती डिस्कच्या वेगळ्या, न दिसणाऱ्या विभागांत असते. म्हणून संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत करावी लागते.

कृती :

१. प्रथम महत्त्वाच्या फाइली तिसऱ्याच एखाद्या बाह्य डिस्कवर उतरवून घ्याव्यात व त्यांतील काही उघडून पाहाव्यात. जुनी मराठी पत्रे विशिष्ट फॉन्टमध्ये टंकलेली असतील तर तो फॉन्टही जतन करावा; अन्यथा अक्षरे वाचता येत नाहीत.

२. नवी डिस्क यूएसबी तारेने जोडावी. ती जुन्या डिस्कहून लहान नसावी.

३. क्लोनझिलासारखे विनामूल्य साधन पेन ड्राइव्हवरून सुरू करून डिस्कवरून डिस्कवर प्रत करावी. मूळ डिस्क कोणती व नवी कोणती, हे आकारावरून दोनदा पडताळावे. येथे उलट निवड झाली तर शाळेचे सारे दप्तर पुसले जाते.

४. संगणक बंद करून नवी डिस्क जुनीच्या जागी बसवावी. प्रथम सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली नसावी.

५. वाढलेली जागा बहुधा रिकामीच दिसते. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंटमधून मुख्य विभाग वाढवावा. ती जागा विभागाला लागूनच पुढे असेल तरच तो तेथे वाढतो.

दक्षता : डोंगरावरील पावसाळी वाऱ्यात वीज जाण्याचा संभव ध्यानी घेऊन यूपीएस लावूनच काम आरंभावे. चैत्रयात्रेत उधळला जाणारा गुलाल अतिशय बारीक असतो. त्या दिवसांत संगणक उघडू नये. जुनी डिस्क निदान महिनाभर न पुसता कपाटात कुलपाखाली ठेवावी. मूळ दाखलखारीज रजिस्टर कागदावरच सुरक्षित राखावे. पंधरा-वीस वर्षांनी एखादा माजी विद्यार्थी जन्मतारखेच्या पुराव्यासाठी शाळेच्या दारी येतो, तेव्हा त्या एका ओळीवर त्याचे काम अडलेले असते.

वर्गात उपयोग : ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते. निर्माते १,००० च्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या. सातवीच्या विद्यार्थ्यांकडून ५०० गुणिले १,००० चा घन, भागिले १,०२४ चा घन, हे उदाहरण सोडवून घ्यावे.

स्वाध्याय : सेकंदास १०० एमबी या वेगाने २०० जीबी माहितीची प्रत होण्यास किती मिनिटे लागतील? (उत्तर : सुमारे ३३.) तेवढा वेळ आपल्या शाळेतील यूपीएस पुरतो का, हे शिक्षकांनी काम हाती घेण्यापूर्वी पाहावे.