उसाच्या बेण्यावरील उष्णता-प्रक्रिया

लखनौचा विमानतळ ज्या अमौसी येथे आहे, त्या परिसराभोवतालचा उत्तर प्रदेश हा उसाचा मोठा प्रदेश होय. लखनौ येथेच इ. स. १९५२ मध्ये भारतीय ऊस संशोधन संस्था स्थापन झाली. बेण्यावर उष्णतेची प्रक्रिया करण्याच्या ज्या पद्धतीमुळे ही संस्था ओळखली जाते, तिचा परिचय प्रस्तुत पाठात करून घ्यावयाचा आहे.

ज्वारी किंवा गहू पेरताना आपण दाणा पेरतो. उसाचे बेणे म्हणजे मात्र उसाच्याच कांड्यांची टिपरी होत. यामुळे मातृवनस्पतीच्या अंगी असलेला रोग टिपरीबरोबर सरळ नव्या शेतात जातो. गवताळ वाढ, खोडवा खुजा करणारा रोग आणि काही अंशी लाल कूज यांचा प्रसार असाच होतो. गवताळ वाढीच्या बेटात बारीक, फिकट पात्यांचे झुबके येतात. गाळपायोग्य ऊस मिळत नाही. रोगजंतू कांडीच्या आत असल्यामुळे वरून लावलेले औषध त्यांस गाठू शकत नाही.

येथे उष्णता उपयोगी पडते. ठराविक तापमानास रोगजंतू मरतात, पण उसाचा डोळा जिवंत राहतो. ही मर्यादा फार अरुंद आहे. पाणी ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात दोन तास टिपरी बुडविण्याची रीत जुनी आहे. परंतु तीत डोळ्यांस इजा होण्याचा संभव असतो. कोरड्या उष्ण हवेत बेणे सुकते. लखनौच्या पद्धतीत बाष्पाने जवळजवळ संपृक्त अशी हवा ५४ अंशांवर अडीच तास बेण्याभोवती खेळविली जाते. बाष्पामुळे उष्णता सर्वत्र सारखी पोहोचते व टिपरीतील ओलावाही टिकतो.

एवढी काळजी घेऊनही काही डोळे उगवत नाहीत. समजा, प्रक्रिया न केलेल्या शंभर डोळ्यांपैकी ७० उगवले आणि प्रक्रिया केलेल्यांपैकी ६०. तर ही प्रक्रिया तोट्याची ठरली काय? नाही. त्या सत्तरांतील रोगट बेटे वर्षभर खत-पाणी घेऊनही ऊस देत नाहीत आणि खोडव्यात रोग अधिकच बळावतो. म्हणून केवळ उगवण मोजून निर्णय करू नये. कापणीच्या वेळचे निरोगी ऊस मोजावेत. उगवणीतील तूट थोडे अधिक बेणे लावून भरून काढता येते.

प्रक्रिया सर्व क्षेत्रासाठी करण्याची गरज नसते. महाराष्ट्रात मूलभूत, पायाभूत व प्रमाणित अशा तीन पायऱ्यांनी बेणे वाढवितात. पहिल्या पायरीवर उष्णता-प्रक्रिया केली व पुढे प्रत्येक मळ्यात रोगट बेटे मुळासकट उपटून नष्ट केली, म्हणजे तिसऱ्या पायरीपर्यंत बेणे पुष्कळ वाढते. पाडेगाव येथील संशोधन केंद्र व मांजरी येथील संस्था असे बेणे पुरवितात.

ध्यानात ठेवावे की, ही प्रक्रिया म्हणजे कवच नव्हे. किडी व रोगट कोयते यांच्यामार्फत रोग पुन्हा शिरू शकतो. यास्तव बेणेमळा स्वतंत्र ठेवावा, कोयता निर्जंतुक करावा आणि नऊ-दहा महिन्यांचा, रसरशीत डोळ्यांचा ऊसच बेण्यासाठी निवडावा. बेण्याची निवड करताना घेतलेली ही दक्षता पुढील खोडव्यापर्यंत फळ देते.