साच्यात फुंकलेली काच

ईयोबाच्या ग्रंथात ज्ञानाचे मोल वर्णिताना सोने व काच यांचा उल्लेख एकाच वचनात येतो (२८:१७). प्रकटीकरणातही ही जोडी पुन्हा भेटते (२१:१८). मात्र या दोन ग्रंथांमधील काळात काचेचे मोल पार पालटले होते. हा बदल ध्यानी घेतल्यास दोन्ही वचने अधिक स्पष्ट होतात.

प्राचीन काळी मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच चढवीत व ती निवल्यावर आतील माती खरवडून काढीत. एवढ्या खटाटोपाने एक लहानशी कुपी तयार होई. साहजिकच काच श्रीमंतांकडेच असे.

इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाईनच्या प्रदेशात नळीने काच फुंकण्याची युक्ती साधली. इ. स. पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात तिला साच्याची जोड मिळाली. दोन किंवा अधिक भागांचा साचा जुळवून त्यात काचेचा तप्त गोळा फुंकीत. काच फुगून साच्यास भिडे आणि त्यातील वेलबुट्टी व अक्षरे तिच्यावर उमटत. साचा उघडून पात्र काढले की तोच साचा पुन्हा उपयोगी पडे. फुंकीव काच इतकी स्वस्त झाली की, रोममध्ये तांब्याच्या एका नाण्यास काचेचा पेला मिळतो, अशी नोंद भूगोलकार स्ट्राबोने केली आहे.

साच्याच्या कारागिरांत एन्नियोन अग्रगण्य होता. तो बहुधा सीदोनचा असावा. प्रभू येशू ज्या सोर व सीदोनच्या प्रांतात गेला (मत्तय १५:२१), तोच हा प्रदेश. ‘एन्नियोनने घडविले’ अशी ग्रीक अक्षरे त्याच्या पात्रांवर आढळतात. काही पेल्यांवर तर विकत घेणाऱ्याचे स्मरण राहो, अशी सदिच्छाही आहे. ग्राहकाचे नाव कारागिरास ठाऊक नव्हते; तरी साचा कोरतानाच त्याने त्याची आठवण ठेवली.

काच सुलभ झाल्यावर तिची पारखही बदलली. रंगहीन, स्फटिकासारखी पारदर्शक काच सर्वांत मोलाची मानतात, असे प्लिनीने (मृत्यू इ. स. ७९) लिहिले आहे. म्हणून ईयोबाच्या वचनात काच दुर्मिळतेमुळे सोन्याशेजारी बसते, तर प्रकटीकरणात नगरीचे सोनेच स्वच्छ काचेसारखे म्हटले आहे. तेथे भर किमतीवर नसून निर्मळतेवर आहे. पवित्र शास्त्रातील वस्तू त्यांच्या काळात ठेवून पाहिल्या, म्हणजे शब्द तोच असूनही अर्थ कसा उजळतो, हे अभ्यासकाने लक्षात ठेवावे.